विसाव्याची आवर्ती ठेव

काही शहरांच्या नावात नदी असते, काहींच्या नावात देव असतो, तर काहींच्या नावात एखादा राजा. नोएडा या शहराच्या नावात मात्र काम आहे. ‘न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी’ या लांबलचक सरकारी नावाची आद्याक्षरे जुळवून हे नाव सिद्ध झाले. १७ एप्रिल १९७६ रोजी या प्राधिकरणाची स्थापना झाली आणि यमुना व हिंडन या दोन नद्यांमधील शेतजमिनीवर केवळ क्रमांकाने ओळखली जाणारी सेक्टरे एकामागून एक उभी राहिली. उद्योगासाठी जन्मलेल्या या शहराने आपले नाव पुरेपूर सार्थ केले आहे. सकाळी मेट्रोच्या फलाटावर रांगा लागतात, कार्यालयांच्या काचेच्या इमारतींत रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात, आणि बँकेच्या शाखेत शटर वर जाण्यापूर्वीच दोन-चार खातेदार पायरीवर उभे असतात. जो तो घाईत आहे. ‘वेळ नाही’ हे वाक्य येथे ‘नमस्कार’ इतक्याच सहजतेने उच्चारले जाते.

महाराष्ट्रातून बदली होऊन येथे आलेल्या एखाद्या कुटुंबाचे प्रातिनिधिक चित्र वाचकांनी क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. पती बँकेत अधिकारी, पत्नी संगणक कंपनीत नोकरीला, मुलगी चौथीत आणि सोबत साताऱ्याहून आलेली सासू. सोमवार ते शुक्रवार डबे, शाळेची बस, मेट्रो, बैठका, संध्याकाळची भाजी आणि मुलीचा गृहपाठ यांत केव्हा संपतात ते कळत नाही. शनिवारी राहिलेली कामे करायची आणि रविवारी आठवड्याचे कपडे, किराणा, गॅसवाल्याला फोन, नातेवाइकांची विचारपूस. या घरातील कपाटावर निळ्या कापडात गुंडाळलेली बाजाची पेटी आहे. लग्नापूर्वी गृहिणीने ती सहा वर्षे नियमाने वाजवली होती. नोएडात येताना सामानाच्या ट्रकमध्ये ती मोठ्या काळजीने चढवली गेली. त्यानंतर दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत ती खाली उतरते, पुसली जाते आणि पुन्हा वर जाते. “अगं, भात्याला अधूनमधून हवा लागू दे, नाही तर कडक होऊन बसेल,” असे सासूबाई सुचवतात. “हो आई, या रविवारी नक्की,” असे उत्तर मिळते. तो रविवार काही उगवत नाही.

कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की ते खाते अनुत्पादक ठरते, हा नियम बँकेतील प्रत्येकाला पाठ असतो. तोच दंडक स्वतःच्या आवडीनिवडींना लावून पाहिला तर किती घरांतील किती पेट्या, किती पुस्तके, किती रंगांचे डबे आणि किती चालण्याचे बूट अनुत्पादक मालमत्तेत जमा होतील, याचा ज्याने त्याने विचार करावा. कर्जाच्या थकबाकीची नोटीस येते. या थकबाकीची नोटीस कोणीही पाठवीत नाही, म्हणूनच ती वाढत जाते.

रविवार कोणी दिला?

ज्या रविवारावर आपण सारी भिस्त ठेवतो, तो मुळात आपल्याला कसा मिळाला हे जाणून घेणे उद्बोधक ठरेल. विश्रांतीसाठी काळ राखून ठेवण्याची कल्पना महाराष्ट्राच्या मातीला नवीन नाही. कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्याच्या परिसरात, घाण्यावर तेल गाळणारा बेने इस्रायल समाज पिढ्यान् पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवीत असे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ असे नावच देऊन टाकले होते. कामाच्या नव्हे, तर विश्रांतीच्या दिवसावरून एखाद्या समाजाची ओळख पडावी, ही विलक्षण गोष्ट होय. शेतकऱ्याच्या घरी बैलपोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्याला न्हाऊ घालून, सजवून पुरणपोळीचा घास भरवतात. वर्षभर राबणाऱ्या मुक्या जनावराचाही एक हक्काचा दिवस असतो, हे आपल्या पूर्वजांनी सणाच्या रूपाने नोंदवून ठेवले आहे.

तथापि, गिरणीचा भोंगा आला आणि चित्र पालटले. एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत. साप्ताहिक सुट्टी ठरलेली नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये या कामगारांना संघटित केले. त्यांच्या पुढाकाराने सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे जे निवेदन सरकारच्या आयोगापुढे गेले, त्यातील मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत. दर रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी, ही त्यांतील एक मागणी होती. दुसरी मागणी याहून लहान होती, पण या लेखाच्या विषयाच्या अधिक जवळची आहे: दररोज दुपारी अर्धा तास विसावा मिळावा.

केवळ अर्धा तास! परंतु ज्याच्या दिवसातील एकही क्षण स्वतःचा नाही, त्याला त्या अर्ध्या तासाचे मोल ठाऊक असते. पुढे सहा वर्षे सभा, अर्ज आणि पाठपुरावा चालू राहिला, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोखंडे यांचे निधन झाले. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. बँकांपुरते बोलायचे तर १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी देण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा ग्राहक आणि कर्मचारी या दोघांच्याही आठवड्याची घडी नव्याने बसली.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. फुरसत आपोआप मिळत नाही, ती मागून आणि ठरवून घ्यावी लागते. गिरणी कामगारांना ती मालकाकडे मागावी लागली. आज आपल्यापैकी अनेकांना ती स्वतःकडेच मागावी लागते, आणि हा मालक अधिक कठोर आहे.

चोवीस तासांचा ताळेबंद

पैशाच्या बाबतीत कोणाच्या खात्यात किती शिल्लक असेल हे सांगता येत नाही. वेळेच्या खात्यात मात्र दररोज पहाटे प्रत्येकाच्या नावावर समान रक्कम जमा होते. चोवीस तास, म्हणजेच १,४४० मिनिटे. ही शिल्लक दुसऱ्या दिवसावर पुढे ओढता येत नाही, तिच्यावर व्याज मिळत नाही आणि ओव्हरड्राफ्टची सोयही नाही. झोपेतून वेळ उसना घेणारे पुष्कळ असतात, पण त्या कर्जाची वसुली प्रकृतीकडून सक्तीने होते.

हा काळ आपण कसा खर्च करतो याचा हिशोब केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि नंतर २०२४ मध्ये देशभरातील सर्वेक्षणातून मांडला. २०२४ च्या पाहणीनुसार विनावेतन घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर घरकामात भाग घेणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हेच आकडे अनुक्रमे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत दोहोंचा वेळ थोडा कमी झाला, पण त्यांतील अंतर जवळजवळ तसेच राहिले. हे अंतर दररोज तीन तास एकवीस मिनिटांचे आहे.

आठवड्यातून एखादा छोटा आनंद स्वतःसाठी राखावा असा उपदेश करणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा प्रथम समोर ठेवला पाहिजे. घरातील एका व्यक्तीचा रविवार वर्तमानपत्र, गरम भजी आणि दुपारची वामकुक्षी यांनी सजतो, तेव्हा ती भजी तळणारी व्यक्ती कोठे असते? कपाटावरची पेटी खाली न येण्याचे कारण नेहमीच आळस किंवा अनास्था नसते. पुष्कळदा तो वेळ आधीच दुसऱ्या कोणाच्या तरी आनंदासाठी खर्ची पडलेला असतो. म्हणून ‘स्वतःसाठी वेळ काढ’ हा सल्ला पुरेसा नाही. ‘बुधवारची संध्याकाळची भाजी आणि मुलीचा गृहपाठ माझ्याकडे’ हे वाक्य त्या सल्ल्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. सल्ला हा केवळ शब्द आहे, हे वाक्य मात्र रोख जमा आहे.

हाच न्याय घराबाहेरही लागू पडतो. नोएडाच्या गृहसंकुलांच्या फाटकांतून रोज सकाळी घरकाम करणाऱ्या असंख्य स्त्रिया आत येतात. त्यांच्या श्रमांमुळेच इतरांच्या आठवड्यात थोडी मोकळीक निर्माण होते. लोखंडे यांनी मागितलेला रविवार त्यांच्या वाट्याला येतो किंवा नाही, हे पाहणे प्रत्येक घराच्या हातात आहे. आपला विसावा दुसऱ्याच्या विसाव्यातून कापून घेतलेला नसावा, एवढे पथ्य पाळले तरी त्याची गोडी वाढते.

आनंद आणि खर्च

‘खाऊ’ हा आपल्या भाषेतील एक गोड शब्द आहे. आठवडी बाजारातून परतणारे आजोबा धोतराच्या सोग्यात किंवा पिशवीच्या तळाशी चुरमुरे, बत्तासे, शेवेची पुडी असे काहीतरी घेऊन येत आणि मुले दारातच त्यांना गाठीत. त्या पुडीची किंमत नगण्य असे. तिचा आनंद वाट पाहण्यात होता, आठवड्यातून एकदाच येण्यात होता आणि कोणीतरी आपली आठवण ठेवली या जाणिवेत होता. मोठेपणी आपण सर्वांसाठी खाऊ आणतो, फक्त स्वतःला तेवढे वगळतो. किंवा याच्या अगदी उलट, मोबाईलवर बोट टेकवून रोजच काहीतरी मागवतो, आणि मग त्यातील खाऊपण संपून केवळ खाणे उरते.

आधुनिक संशोधनही आजोबांच्या पुडीचीच साक्ष देते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना आठवडाभर चॉकलेट वर्ज्य करण्यास सांगितले, काहींना हवे तितके खाण्यास भरपूर दिले आणि उरलेल्यांना कोणतीही सूचना दिली नाही. आठवड्यानंतर सर्वांना चॉकलेट दिले असता, ज्यांनी ते वर्ज्य केले होते त्यांना त्याचा आस्वाद अधिक आला. उपवास सोडतानाच्या पहिल्या घासाची चव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा निष्कर्ष नवा वाटणार नाही.

पैसा आणि वेळ यांच्या नात्याविषयीचे एक संशोधन २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अमेरिका, कॅनडा, डेन्मार्क आणि नेदरलँड्स या देशांतील सहा हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी त्यासाठी करण्यात आली होती. कंटाळवाण्या कामातून मोकळे होण्यासाठी जे लोक पैसे खर्च करीत, ते आपल्या जीवनाविषयी अधिक समाधानी आढळले. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात ६० नोकरदारांना दोन आठवडाअखेरींना प्रत्येकी ४० डॉलर देण्यात आले. एकदा ते वस्तूंवर खर्च करायचे आणि एकदा वेळ वाचविण्यावर. वस्तू घेतल्याच्या दिवसापेक्षा वेळ वाचवल्याच्या दिवशी मन अधिक प्रसन्न होते, असे त्यांनी सांगितले.

याचा अर्थ विसाव्यासाठी हात सैल सोडावा असा मात्र नव्हे. बँकेच्या खिडकीतून दिसणारे एक वास्तव येथे सांगितलेच पाहिजे. आठवड्याचा शीण घालविण्यासाठी मॉलमध्ये जाऊन क्रेडिट कार्डावर खरेदी करायची आणि बिल आले की केवळ किमान देय रक्कम भरायची, ही सवय अनेक तरुण घरांना महागात पडते. उरलेल्या रकमेवरील व्याजाचा वार्षिक दर अनेक कार्डांवर तीस टक्क्यांच्या वर जातो. ज्या संध्याकाळीने शीण जायला हवा, तीच पुढील सहा महिन्यांची चिंता होऊन बसते. उलट, आठवड्याला दोनशे रुपये ‘खाऊ’ म्हणून बाजूला काढले तर वर्षाअखेरीस १०,४०० रुपये होतात. त्यातून पेटीचे सूर दुरुस्त होतात, वर्षभराची पुस्तके येतात, एखाद्या मैफलीचे तिकीट निघते, आणि कोणाचे देणेही लागत नाही.

घराजवळचे आनंद

नोएडासारख्या शहरात विरंगुळा म्हणजे मॉल, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः या शहराच्या कडेलाच एक वेगळे जग वसले आहे. यमुनेवरील ओखला बंधाऱ्यामुळे पाणी पसरून जो जलाशय तयार झाला, त्याचा सुमारे चार चौरस किलोमीटरचा परिसर १९९० मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. डिसेंबर २०१७ मध्ये मेट्रोची मॅजेंटा मार्गिका सुरू झाल्यापासून अभयारण्याच्या नावाचे स्थानकही झाले आहे. यमुनेच्या पाण्याची अवस्था चिंताजनक असली तरी हिवाळ्यात येथे दूरदेशीचे पाहुणे उतरतात. पळीसारख्या चपट्या चोचीचा थापट्या, टोकदार शेपटीचा तलवार बदक, केशरी छटेचा चक्रवाक असे पक्षी पाण्यावर तरंगताना दिसतात. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा ठसठशीत पट्टा मिरविणारा एक पाणपक्षी तेथे थव्यांनी आढळतो. मराठीत त्याला ‘वारकरी’ म्हणतात. आपल्या गावापासून इतक्या दूर, यमुनेच्या पाण्यावर वारकऱ्यांची दिंडी भेटावी, याहून मोठी मेजवानी मराठी माणसाला कोणती?

मात्र दिल्ली परिसरातील हिवाळ्याला धुक्याची आणि धुराचीही बाजू आहे. पहाटे फिरण्याचा संकल्प सोडताना हवेचा गुणवत्ता निर्देशांक पाहण्याची सवय ठेवावी. तो २०० च्या वर गेला की हवा ‘खराब’, ३०० च्या वर ‘अतिखराब’ आणि ४०० च्या वर ‘गंभीर’ समजली जाते. अशा दिवशी, विशेषतः वृद्ध आणि मुलांनी, घरातच थांबून पुस्तक उघडणे किंवा दोन डाव पत्त्यांचे मांडणे शहाणपणाचे. विसावा बदलता येतो, फुफ्फुसे बदलता येत नाहीत.

ऋतूंचा खाऊ हा या भागाचा आणखी एक ठेवा आहे. थंडीत कोळशावर भाजलेल्या रताळ्याचे आंबटतिखट चाट, मुगाच्या डाळीच्या वड्यांवर मुळ्याचा कीस आणि हिरवी चटणी घालून मिळणारे ‘राम लड्डू’, लाल गाजराचा हलवा आणि कुरकुरीत गजक यांची लज्जत त्या-त्या दिवसांतच असते. तिळगुळावर वाढलेल्या मुलांना संक्रांतीच्या सुमारास गजक दिली की तीळ एकच, पण रूप निराळे, हे त्यांना आपोआप उमगते. वसंतात सावरीची लालभडक फुले आणि मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात फुलणारा पिवळाधमक बहावा पाहायला तर एक पैसाही लागत नाही. कार्यालयातून परतताना एक स्थानक आधी उतरून त्या झाडाखालून चालत जाणे, हीसुद्धा आठवड्याची मेजवानी होऊ शकते.

नोव्हेंबर २००९ मध्ये मेट्रो नोएडा सिटी सेंटरपर्यंत आली आणि मार्च २०१९ मध्ये ती इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत वाढली. हजारो नोकरदारांचा रोजचा मोठा काळ या निळ्या मार्गिकेवर जातो. हा काळ वाया गेला असे समजणारे बहुतेक जण मोबाईलच्या पडद्यावर बोट सरकवीत बसलेले असतात. त्यांच्यातच एखादा प्रवासी कथासंग्रह उघडून बसलेला दिसतो आणि आपले स्थानक आल्यावर नाइलाजाने उठतो. रोज आठ पाने वाचली तरी दोनशे पानांचे पुस्तक पंचवीस दिवसांत पूर्ण होते. मनात आणले तर रविवारी त्याच मेट्रोने दिल्ली गाठता येते. १९९४ मध्ये सुरू झालेल्या आयएनए येथील दिल्ली हाटात निरनिराळ्या राज्यांतील कारागीर आणि खाद्यपदार्थ एकाच आवारात भेटतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली राजधानीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हाही परप्रांतात राहून मराठी जपणाऱ्यांना आपल्या माणसांत वावरण्याचा अपूर्व योग लाभला. असे मोठे योग क्वचित येतात. लहान योग मात्र दर आठवड्याला घडवून आणता येतात.

आवर्ती ठेवीचे नियम

वेळ उरला तर विसावा घेऊ, असे म्हणणारा आणि पैसे उरले तर बचत करू, असे म्हणणारा, या दोघांचीही गत सारखीच होते. काही उरत नाही. म्हणूनच अनुभवी खातेदार पगार जमा होताच आवर्ती ठेवीचा हप्ता आधी वळता करतात आणि उरलेल्या रकमेत घर चालवतात. विसाव्यालाही हीच रीत लागू करावी.

पहिला नियम असा की हप्ता लहान असावा. आठवड्याला अर्धा तास पुरे. मोठ्या रकमेची ठेव उत्साहात उघडली जाते आणि तिसऱ्या महिन्यात मोडली जाते. दुसरा नियम, वार ठरवावा, पण घड्याळाचा काटा ठरवू नये. फुरसतीच्या गोष्टी बैठकीप्रमाणे मिनिटामिनिटाला बांधल्या की त्याही काम वाटू लागतात, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. तेव्हा ‘बुधवारी सात वाजता’ असे न म्हणता ‘बुधवारी संध्याकाळी’ एवढेच ठरवावे. तिसरा, घरातील प्रत्येकाच्या नावाने स्वतंत्र खाते असावे. एकाच्या हप्त्याच्या वेळी दुसऱ्याने त्याचे काम उचलावे आणि मुलांनाही हा हिशोब समजावून सांगावा. चौथा, या अर्ध्या तासाला कोणतेही फलित मागू नये. पेटी वाजवायची ती स्पर्धेसाठी नव्हे, चालायचे ते पावले मोजण्यासाठी नव्हे, आणि चित्र काढायचे ते कोणाला दाखवण्यासाठी नव्हे. पाचवा आणि अखेरचा नियम, हप्ता चुकला तर दंड नाही. मार्चअखेर असेल, मुलीची परीक्षा असेल, घरात आजारपण असेल, तर एखादा आठवडा कोरडा जाईल. पुढच्या आठवड्यात खाते पुन्हा चालू करावे, एवढेच.

या नियमांत नवीन असे काही नाही. फक्त ते दुसऱ्याला सांगणे सोपे आणि स्वतः पाळणे अवघड आहे.

आता पुन्हा त्या प्रातिनिधिक घराकडे वळू. तेथे एका रात्री जेवणे आटोपल्यावर पतीने कपाटावरची पेटी स्वतःच खाली उतरवली आणि म्हटले, “दर बुधवारी मी लवकर निघायचा प्रयत्न करीन. स्वयंपाक आणि गृहपाठ माझ्याकडे.” पहिल्या बुधवारी आमटी थोडी खारट झाली. सासूबाईंनी ती न बोलता संपवली. आतल्या खोलीत पेटीचा भाता खरोखरच कडक झालेला होता, दोन पट्ट्या दाबल्यावर वर येत नव्हत्या, आणि इतक्या वर्षांनी बोटेही अडखळत होती. वीस मिनिटांत काय वाजणार? सारेगमचे दोन फेरे आणि एका जुन्या भजनाचे धृपद. मुलगी गृहपाठाची वही तशीच हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आई, तुला हे येतं? मला कधी सांगितलं का नाहीस?”

त्यानंतरच्या सर्वच बुधवारी पेटी वाजते असे नाही. कधी शाखेत ताळा जुळत नाही, कधी परदेशी ग्राहकाची बैठक लांबते. तरीही निळे कापड आता कपाटावर नाही, ते घडी करून पेटीशेजारी ठेवलेले असते. नोएडात त्या संध्याकाळी इतर घरांत जे चालते, तेच त्या घरातही चालते. कुकरच्या शिट्ट्या, दूरदर्शनवरील बातम्या, खालच्या रस्त्यावरील गाड्यांचे भोंगे. फक्त आठवड्यातून एकदा त्या गोंगाटात अर्धा तास एक सूर मिसळतो. त्याची नोंद कोणत्याही पासबुकात होत नाही. परंतु शिल्लक मात्र वाढत असते.